माझ्या मापाचं हँडल

आज कारधा गावातल्या गॅरेजात नव्या फायबरचा वास आला आणि ती दुपार आठवली. भाऊ नागपूरला कॉलेजात होता. बाबा त्याच्या मोटारसायकलला समोरून वारा अडवणारं फायबरचं कवच, फेअरिंग, बसवून घेत होते, पण वळवलं की हँडल त्याला घासायचं.

"बस वो, तुही उंची त्याच्याएवढीच आहे," बाबा मला म्हणाले.

मी स्टँडवरच्या गाडीवर बसले. माझ्या मनगटांना आराम पडेपर्यंत मिस्त्रीनं हँडल वर-मागे सरकवलं.

"बाबा, एक चक्कर मारू?"

"तुले कायले पाहिजे?" बाबा हसले. मिस्त्रीही हसला.

भाऊ सुट्टीत घरी आला, फेरी मारून म्हणाला, "हात बिलकुल नाही दुखले."

त्यानंतर कितीदा तरी त्या गाडीवर बसले मी, दर वेळी त्याच्या मागे.