गुडघ्याच्या मापाचा क्लच

गाडीचा क्लच निवडायला मला सहा रविवार लागले. तेवढ्यात लोकांची लग्नं ठरतात. आणि लग्नात निदान मुलगा समोर बसून पोहे तरी खातो. क्लच असा की गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तोंड दाखवत नाही.

माझी गाडी दिसायला साधी आहे, चार दरवाजांची, ऑफिसला जाणारी. आत टर्बो इंजिन. त्याची ताकद मी कंपनीने दिली होती त्यापेक्षा बरीच वाढवून घेतली आहे. वर्षातून दोनदा ती ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर पळते आणि उरलेले दिवस द्वारका ते गुडगाव रांगेत उभी राहते. शौक आहे, कोणाच्या बापाचं काय जातं? माझ्या बापाचं तर नाहीच. त्यांना गाडी माझ्याइतकीच आवडते.

बाबा विदर्भातले. पस्तीस वर्षं त्यांनी लाल डबा चालवला. आई गेली आणि मी त्यांना द्वारकेला घेऊन आले. फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी सोसायटीचा बाक. इथल्या मराठी मंडळींची बस संक्रांतीला पानिपतला, लढाईच्या स्मारकावर, काला अंबला जाते. तुमचं नाव घालू का, म्हणून मी विचारलं.

"बसमध्ये मी मागं बसू काय?" बाबा म्हणाले. "तुझ्या गाडीनं जाऊ. मी चालवतो." आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फक्त तो क्लच लय जड आहे वं. गुडघा बोंबलते."

जड होताच. मागे मी एकाच प्लेटचा पण तगड्या स्प्रिंगचा क्लच बसवला होता. आता तोही घसरायला लागला होता. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन किंचाळायचं आणि गाडी आहे त्याच वेगात. म्हणजे बदलणं भागच होतं. मी ठरवून टाकलं, नवा क्लच बाबांच्या गुडघ्याला झेपेल असाच घ्यायचा. आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. हे पहिलंच होतं, आणि ते मला काहीही करून द्यायचं होतं.

असल्या गाड्यांचं काम करणारा एक उस्ताद फरीदाबादला आहे. पहिल्या रविवारी बाबांना सोबत घेऊनच त्याच्याकडे गेले. हात सोन्याचा, तोंड लोखंडाचं. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर तो बाबांना द्यायचा. "अंकलजी, तीन प्लेट का डलवाओ. धातु वाली. इंजन फट जाएगा, क्लच नहीं फिसलेगा."

"पैडल कैसा होगा?" मी विचारलं.

"अंकलजी, पैडल तो भारी होगा ही."

त्याच्याकडे तसा क्लच बसवलेली एक गाडी उभी होती. मी आवारात चालवून बघितली. तो क्लच एक तर पकडत नाही, नाहीतर एकदम पकडतो. अधलंमधलं काही नाही. तीन परक्या पुरुषांसमोर गाडी दोनदा बंद पडली. ट्रॅकवर पळवणारी बाई मी, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उस्ताद म्हणाला, "मैडम, जिम जाओ." त्या दिवसात तो माझ्याशी थेट बोलला ते तेवढंच.

बाबांच्या गुडघ्यासाठी हे चाललंय हे मी त्याला सांगितलं नाही. माणसाने आयुष्यभर बस हाकली, त्याचा पाय गेलाय हे परक्याला कशाला? माझाच पाय दुखतो म्हणून सांगितलं. यार, सगळ्या वर्कशॉपची सहानुभूती मिळाली, जी मला अजिबात नको होती.

दुसऱ्या रविवारी मला हवं ते सापडलं. दोन प्लेटचा क्लच. दोन प्लेटा पकडीचं काम वाटून घेतात, म्हणून स्प्रिंग तेवढी कडक लागत नाही आणि पायाला जोर कमी पडतो. वरचं अस्तरही धातूचं नाही, नेहमीचं, त्यामुळे गाडी झटका न देता उचलते. न्यूट्रलमध्ये डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, तो येऊ दे. मी म्हटलं, हाच.

बाबा म्हणाले, "घाई नको. अजून एकदा पाहू."

तिसऱ्या रविवारी त्यांनी आणखी एका कंपनीचा क्लच बघायचा काढला. चौथ्या रविवारी आधीचाच परत बघितला. मला काही कळेना. मी चिडत होते, पण हे मात्र सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. वर्कशॉपमध्ये त्यांना खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, आणि कोणीतरी हातात जुनी प्लेट आणून द्यायचं. ते तिच्यावरून बोट फिरवून निदान करायचे. माझी जुनी प्लेट बघून सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तू क्लचवर पाय ठेवून चालवतं."

"मी? कधीच नाही!"

"प्लेट सांगून राहिली."

उस्ताद पोट धरून हसला. तेव्हापासून तो बाबांना गुरुजी म्हणायला लागला. मला आपली मैडमच.

शेवटी संक्रांत तोंडावर आली तेव्हा सहाव्या रविवारी दोन प्लेटचा क्लच बसला. पॅडल इतकं हलकं झालं की मला स्वतःलाच खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली, सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि शेजारी बसून किल्ली दिली. त्यांनी सीट पुढे घेतली. आरसा हलवला. क्लच दाबला, सोडला, परत दाबला.

"लोणी आहे वं," ते म्हणाले.

मला असा आनंद झाला की बोलायची सोय नाही. "करा ना मग चालू!"

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. किल्ली फिरवली नाही. समोर भिंतीवर पार्किंगचे नंबर रंगवलेले होते, तिकडे डोळे बारीक करून बघितलं.

"गुडघा नाही वं बाई," ते म्हणाले. "गुडघा दुखते, पण त्याचं काही नाही. मले दिसत नाही बरोबर. लायसन नवं कराले गेलो होतो, तिथं डॉक्टरनं अक्षरं वाचाले लावली. वरची एक ओळ वाचता आली."

"कधी गेला होता?"

"तू मले पहिल्यांदा फरीदाबादले नेलं, त्याच्या आदल्या दिवशी."

आधी मला रागच आला. सहा रविवार! मी त्या उस्तादासमोर लंगडीचं सोंग केलं, गाडी बंद पाडली, आणि हे सगळं ठाऊक असून चहा पीत बसले! मी म्हटलं, "बाबा, मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं मग तू मले काहून नेलं असतं तिथं?"

खरंच नसतं नेलं. एकटीच गेले असते, तासाभरात क्लच ठरवून परत आले असते, आणि ते बाकावर बसले असते. मला स्वतःची लाज वाटली. आम्ही जागा बदलल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळाली ती संक्रांतीनंतरची. पानिपतला गाडी मी नेली. थंडी होती, धुकं जरा विरळ झालं होतं. सोनीपतच्या पुढे पहिली मोठी हिरवी पाटी आली आणि मी ती मोठ्याने वाचली. मग पुढची वाचली. गन्नौर. समालखा. पानिपत. एरवी मी असं काही केलं की ते म्हणतात, मले वाचता येते. त्या दिवशी प्रत्येक पाटीला ते नुसतं "हां" म्हणाले.