तिच्या तोंडावर पारखलेला पडदा

बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. कोणी विचारलं कशाने गेली, तर मी सांगतो, पोटातल्या आजाराने. ते खोटं नाही. पण तिला डॉक्टरला दाखवायचं ठरलं होतं त्या दिवशी मी कल्याणात पडदे बघत बसलो होतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आता लिहून टाकतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा येईल तसं लिहितो.

मुरबाडच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. एक गाळा, छत्रीचे दोन दिवे, एक स्टूल, भिंतीला आरसा आणि दोऱ्याने बांधलेला कंगवा. आणि मागे रंगवलेला पडदा. नव्वदच्या पुढची वर्षं ती. तेव्हा गिऱ्हाईक फोटोवाला बघून येत नसे, पडदा बघून येई. जन्मात कल्याणच्या पुढे न गेलेल्या माणसालाही मागे बंगला हवा, तळं हवं, तळ्यात बदकं हवी. पौषात जवळच्या म्हसा गावाची जत्रा भरते, तिथे मी तंबू टाकायचो. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी बाजूच्या तंबूवाल्याने विमानाचा पडदा आणला आणि सगळी जत्रा त्याच्या विमानात बसली. मी दिवसभर माझ्याच स्टुलावर बसून राहिलो. ते माझ्या डोक्यात वर्षभर होतं. पुढच्या जत्रेला नवा पडदा घ्यायचाच.

बायकोला गौरी-गणपतीपासून अंगावरून जात होतं. मला सांगितलं ते मार्गशीर्षात, भाकऱ्या थापताना, माझ्याकडे न बघता.

"थांबतच नाय वो."

मी म्हटलं, बायकांचं असतं तसलं. दोन दिवसांनी चुलीपुढून उठताना तिने भिंत धरली आणि तशीच उभी राहिली. तेव्हा म्हटलं, चल, कल्याणला बाईडॉक्टरला दाखवू. पडदा तर आणायचाच होता. एका फेरीत दोन कामं.

एसटीतून उतरल्यावर ती म्हणाली, "आधी दवाखाना करू वो."

"दवाखाना दोनपर्यंत उघडा हाय. पेंटर एकदा बाहेर गेला तर दिवसभर घावायचा नाय."

ती माझ्या मागून आली.

पेंटर नाटकाचे आणि तमाशाचे पडदे रंगवणारा, जुना माणूस. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये बांबूला गुंडाळलेले पडदे उभे करून ठेवलेले. पडदा घेताना मी तीन गोष्टी बघायचो. रंग नखाने खरवडून बघायचा, पोपडा आला तर नको. तिरका उजेड पाडून बघायचा, चमकला तर फ्लॅश मारल्यावर फोटोत पांढरा डाग येणार. आणि तिसरी पारख म्हणजे माझी बायको. ती काळीसावळी, डोळखांबकडची, लहानपणापासून भाताच्या चिखलात आणि उन्हात वाढलेली. माझं गिऱ्हाईक सगळं त्याच रंगाचं. तिला पडद्यापुढे उभी करायची, दहा पावलं मागे जायचं, डोळे बारीक करायचे. तिचं तोंड पडद्यापासून सुटून दिसलं तर पडदा कामाचा. पडद्यात बुडालं तर पुढचा दाखव. आतापर्यंतचा एकेक पडदा मी असाच घेतला होता आणि एकही चुकला नव्हता.

त्या दिवशी सात-आठ पडदे उघडले. बर्फाचा डोंगर, महालाचा जिना, गुलाबाची बाग. प्रत्येकापुढे ती उभी राहिली.

पेंटर म्हणाला, "वहिनी, काश्मीरला उभ्या आहात, कपाळाला आठ्या कशाला?"

ती म्हणाली, "तुमच्या काश्मीरात बसायला काय नाय का?"

तो हसला, मीही हसलो. स्टूल होतं तिथे, रंगाचे डबे ठेवलेलं. मीच म्हटलं, "बसलीस तर कसं कळंल गो? जरा उभी ऱ्हा."

शेवटी त्याने जंगलाचा पडदा सोडला. गर्द हिरवी झाडं, जवळजवळ काळीच, मधून धबधबा. असा काळोखा पडदा मी एरवी उघडूही दिला नसता. आमच्या माणसांची तोंडं त्यात राहणारच नाहीत, एवढं मला कळत होतं. पण ती पुढे जाऊन उभी राहिली आणि तिचं तोंड लख्ख वेगळं दिसलं. मी पुढे गेलो, मागे गेलो, पुन्हा डोळे बारीक केले. तसंच.

"बघा, काय उजळ दिसते!" मी पेंटरला म्हटलं.

"माझ्या हिरव्याची करामत," तो म्हणाला.

ती बांबूला टेकली. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडाकडे मी सलग इतका वेळ कधी बघितलं नसेल.

भाव करून, पडदा गुंडाळून बाहेर पडलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दवाखान्याला कुलूप. संध्याकाळी सहाला उघडणार असं पाटीवर होतं. थांबता आलं असतं. शेवटची गाडी साडेआठला होती. पण मला दिवस आहे तोवर पडदा गाळ्यात लावून बघायचा होता. माझ्या हातातल्या त्या लांब गुंडाळीकडे बघून ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुढच्या आठवड्यात येऊ." हे तीच म्हणाली, ही गोष्ट मी पुष्कळ दिवस मनात धरून होतो. म्हणाली खरं. पण मी दारात कसा उभा होतो ते बघून म्हणाली.

पुढचा आठवडा आलाच नाही. जत्रेची तयारी, तंबूचं कापड, रोल, दिवे. ती बरोबर होतीच. म्हशाला गिऱ्हाईक लोटलं. धबधबा बघून माणसं रांगेत उभी राहिली आणि विमानवाला तोंड पाडून बसला. पहिल्या दिवसाचे रोल मी एसटीने कल्याणच्या कलर लॅबला पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आले.

बैलजोडी विकायला आलेल्या एका म्हाताऱ्याने आपला फोटो उलटासुलटा करून बघितला. "मी कुठं हाय रं यात? नुसतं पागोटं फिरतंय जंगलात."

त्याच्याबरोबरचा म्हणाला, "नाय नाय, दात दिसत्यात की. हसलास म्हणून वाचलास."

रांगेतले सगळे हसले. फोटो सगळेच तसे. कपडे दिसत होते, धबधबा दिसत होता, तोंडं झाडांत गेलेली. मी बायकोवर खेकसलो. ती पेटीवर बसली होती. "तुझ्यावर पारखून घेतला ना मी? तुझं तोंड तर चांगलं दिसत होतं!"

नातसुनेला घेऊन आलेली एक म्हातारी पुढेच उभी होती. तिने काही न विचारता बायकोच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून बघितली.

"किती दिस जातंय गो तुला?"

"गणपतीपासनं."

म्हातारी माझ्याकडे वळली. "हिच्यात रगत नाय उरलं. तोंड चांगलं दिसतंय म्हणं. मढ्याचं पण दिसतं."

तेव्हा मी बघितलं. ओठ, नखं, कानाच्या पाळ्या, सगळं पिठासारखं. पडदा जसा होता तसाच होता. बदलली होती ती.

दुसऱ्या सकाळी तिला घेऊन दवाखाना गाठला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. जत्रेचे चार दिवस उरले होते. तीच म्हणाली, घरची राखी चादर लावा, जत्रा होऊ दे, मग जाऊ. मी चादर लावली. चार दिवस फोटो काढले. चांगले आले.

कल्याणच्या बाईडॉक्टरने तपासून लगेच मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गर्भपिशवीच्या तोंडाला गाठ, आत पसरलेली. तिथला डॉक्टर माझ्यावर ओरडला, "इतके दिवस काय करत होतात?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "भाताची झोडणी होती, साहेब."

आम्हाला गुंठाभर शेत नव्हतं.

महिनाभर आधी आणली असती तर वाचली असती का, हे मला त्या डॉक्टरला विचारायचं होतं. प्रत्येक फेरीला घरून ठरवून निघायचो. विचारलं नाही. वैशाखात ती गेली.

पडदा मी एका मंडपवाल्याला देऊन टाकला. फाडला बिडला नाही. कापड चांगलं होतं. पुढे साध्या निळ्या कापडावर भागवलं. मग कॉम्प्युटर आले, मागे काय हवं ते लोक काचेवर बोट ठेवून सांगायला लागले, आणि गाळा बंद करायचे दिवस दिसू लागले.

त्या शेवटच्या वर्षांतलं एक सांगतो. टोकावड्याकडचं एक जोडपं आलं, कसल्या तरी कागदासाठी फोटो हवा होता. बाई स्टुलावर बसली. दिवे लावले आणि मला तिचे ओठ दिसले. मी नवऱ्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाईला डॉक्टरला दाखव. आजच दाखव."

तो म्हणाला, "तू फोटो काढ रे. डॉक्टर हायस काय?"

बाई खाली बघत होती. मी म्हणालो असतो की दाखवल्याशिवाय फोटो काढणार नाही, तर तो दुसऱ्या स्टुडिओत गेला असता. हे तेव्हा मनात आलं आणि तेच धरून मी गप्प बसलो. तिला म्हटलं, मान वर कर. काढला फोटो.

चार दिवसांनी फोटो न्यायला नवरा एकटाच आला. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. काही विचारलं नाही.