तारीख नसलेले दोन राजीनामे

गणपती विसर्जनानंतरचा पहिला रविवार. जागा, सोसायटीचं ऑफिस. हजर नऊ जण: सावंतांच्या पॅनेलचे चार, शहाभाईंच्या पॅनेलचे चार आणि मी. रक्कम शंभर रुपये. माझ्या उमेदवारी अर्जाची फी. मला न विचारता सावंतांनी आधीच काढून ठेवलेली.

खुर्च्या आठ होत्या. सावंतांनी वॉचमनला हाक मारून त्याचं स्टूल आत आणायला लावलं. मी स्टुलावर बसलो.

टेबलावर तीन कागद. एक अर्ज, कमिटीतल्या अनुसूचित जातीच्या राखीव जागेसाठी. नाव, फ्लॅट नंबर, जात, सगळं भरलेलं. उरलेले दोन राजीनामे. 'वैयक्तिक कारणास्तव समितीच्या सदस्यपदाचा राजीनामा देत आहे.' दोन्हींवर खाली माझं नाव. तारखेची जागा कोरी.

मी विचारलं, निवडून यायच्या आधीच राजीनामा कशाला?

"अरे साहेब, फॉर्मॅलिटी आहे," शहाभाई म्हणाले. "एक सावंतसाहेबांकडे राहील, एक माझ्याकडे. दोघांनाही टेन्शन नको."

"मोठे पक्षसुद्धा युती करताना असंच करतात," सावंत म्हणाले. "तुम्ही मीटिंगला नाही आलात तरी चालेल. रजिस्टर घरी पाठवू सहीला."

"होम डिलिव्हरी," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

हिशेब मला कळत होता. काशीमीऱ्याला एका गोदामात मी हिशेबच बघतो. कमिटी अकराची. दोन्ही पॅनेलनी पाच-पाच जागा वाटून घेतल्या होत्या. अकरावा मी. सबंध बिल्डिंगीत त्या जागेवर उभा राहू शकणारा एकटा. मी ज्या बाजूने हात वर करीन, ती बाजू सहा. त्यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून माझा राजीनामा दोघांच्या खिशात पाहिजे होता. मी इकडे झुकलो तर ते तारीख टाकणार. तिकडे झुकलो तर हे.

हेच दोघे वर्षभरापूर्वी गेटवर एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. लिफ्टजवळच्या नोटिसा मराठीत लावायच्या नाहीत, असं शहाभाईंचं म्हणणं, त्यावरून. तेव्हा सावंत पहिल्यांदा माझ्या घरी आले. बायकोने पाणी आणलं. नको म्हणाले, आत्ताच पिऊन आलोय. मग म्हणाले, "भाऊ, आपण मराठी माणसांनी एक राहायला पाहिजे." परळहून इथे येऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला या बिल्डिंगीत 'आपण' म्हणणारा पहिला माणूस. मी गेलो. सगळी संध्याकाळ गेटवर उभा राहिलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. नोटिसा मराठीत लागल्या.

मग एप्रिल आला. चौदा तारखेसाठी मी हॉल मागितला. भाडं, डिपॉझिट, सगळं नियमाप्रमाणे देणार होतो. बाहेरची गर्दी येईल म्हणून नाही म्हणाले. सावंतांचे लोक म्हणाले, शहाभाईंचे लोकही म्हणाले. त्या वर्षात दोन्ही पॅनेलचं एकमत झालं ते एवढ्या एकाच ठरावावर. त्यांची युती तिथे सुरू झाली, हे मला स्टुलावर बसल्यावर कळलं.

भांडणात मी मराठी होतो. तडजोडीत राखीव झालो.

सावंतांनी पेन पुढे केलं. मला बाबा आठवले. गावच्या ग्रामपंचायतीत ते राखीव जागेवर पाच वर्षं मेंबर होते. मीटिंग आत चालायची. बाबा बाहेर पायरीवर. शिपाई रजिस्टर बाहेर आणायचा, बाबा अंगठा द्यायचे. घरी येऊन रॉकेलने शाई पुसायचे. आमच्या वस्तीची विहीर दुसऱ्या वाडीला देण्याचा ठराव झाला, त्याच्यावरही बाबांचाच अंगठा. आईने विचारलं तेव्हा ते रॉकेलचा बोळा घेऊन अंगठा घासत राहिले.

मी पेन घेतलं नाही.

"विचार कसला करताय?" सावंत म्हणाले. "फी पण मी भरतोय."

"माझी फी मी भरीन," मी म्हणालो. त्यांचीच शंभराची नोट त्यांच्या पुढ्यात परत सरकवली आणि उठलो.

"त्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे," सावंत म्हणाले. " माझ्याशिवाय कोण देणार तुम्हाला सही?"

तेही खरं होतं. त्या संध्याकाळी नवा अर्ज भरून चार दारं वाजवली. दोन उघडलीच नाहीत. तिसऱ्या दारातून उत्तर आलं, आम्हाला पॉलिटिक्समध्ये पडायचं नाही. चौथं दार म्हात्रेकाकांचं. इथल्याच मुर्धा गावचे जुने शेतकरी. बिल्डिंग त्यांच्याच भाताच्या जमिनीवर उभी आहे.

"जमीन माजी हाय खाली," काका म्हणाले. "मना पन कदी बसवला न्हाय कमिटीत." सूचक म्हणून त्यांनी सही केली. सुनेच्या नावावर दुसरा फ्लॅट आहे, तिची अनुमोदक म्हणून घेतली. मग म्हणाले, "माजा काम असंल तवा इसरू नको."

इथेही तेच. मी म्हणालो, "काका, काम बरोबर असेल तर हात वर करीन. नसेल तर नाही. चालत नसेल तर सही आत्ताच खोडा."

काकांनी अर्ज माझ्या हातात दिला. सही खोडली नाही.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अर्ज स्वतः निवडणूक अधिकाऱ्याकडे नेऊन दिला. समोर कुणी नव्हतं. बिनविरोध आलो.

निकाल लागल्यावर सावंत लिफ्टमध्ये भेटले. "आपल्यातलं आपल्यात मिटवायचं होतं, भाऊ."

"आपल्यात म्हणजे कोणात?"

त्यांनी पुढच्याच मजल्याचं बटण दाबलं.

येत्या रविवारी कमिटीची पहिली मीटिंग आहे. पहिला चेअरमन कोणाचा, यावर त्यांचे पाच-पाच आत्ताच अडलेत. रोज दोन्हीकडून फोन येतात. दोघांनाही एकच सांगितलंय. रजिस्टर घरी पाठवायचं नाही, मी येणार. खुर्च्या अकरा लावा. चौदा एप्रिलच्या हॉलचा विषय मी लेखी दिलाय, तो आधी घ्या. आणि प्रत्येक ठराव मी वाचणार. वाचून झाल्याशिवाय माझा हात वर होणार नाही.

शंभर रुपये सावंतांना परत केले. शंभर रुपये निवडणूक अधिकाऱ्याकडे भरले, माझ्या खिशातले, पावती घेऊन. राजीनामा कुणालाच दिलेला नाही.