हमीदाखालांनी दिलेली खबर

नवी कोंबडी विकत आणली की हमीदाखाला तिला घरच्या कोंबड्यांत सोडत नसत. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली, टोपल्याखाली ती पंधरा दिवस एकटी राहायची. तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी, आणि ते झालं की खाला साबणानं कोपरापर्यंत हात धूत. मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात मी गुरांचा डॉक्टर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "शिकवाचं काय त्यात? पाहुण्याले कोनी एकदम सैपाकघरात नेते काय?"

त्यांचा नवरा पिंजारी होता. आयुष्यभर त्याच्या धुनकीशेजारी बसून कापसाचा भुगा छातीत गेला, म्हणून दमा जडला, असं त्या सांगत. बोलता बोलता थांबून श्वास घेत आणि वाक्य जिथं सुटलं तिथूनच पुन्हा धरत. नवरा गेल्यावर तीस-चाळीस गावरान कोंबड्यांवर त्यांचं घर चालत होतं. एका वर्षी मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं, सगळ्या कोंबड्या गेल्या, तेव्हापासून लस चुकवली नाही. त्यांची सासू सांगायची की फार पूर्वी माणसं पटापट मेली, त्या तापालाही लोक मानमोडीच म्हणत. "नाव एकच हाय, डाक्टरसाब," खाला म्हणायच्या, "मंग कोंबडीचं दुखनं कोंबडीपाशीच राहीन, असं कावून समजाचं?"

त्यांची एकुलती एक मुलगी, शकिला, गावातच दिली होती. जावई याकूब. कापसानं लागोपाठ दोन वर्षं दगा दिला, तेव्हा त्यानं शेताच्या कडेला पत्र्याची शेड उभारून ब्रॉयलर कोंबड्या पाळल्या. अशा शेडी त्या वर्षांत गावोगाव झाल्या होत्या. याकूबची आठ वर्षांची मुलगी, रुखसार, शाळा सुटली की शेडमध्येच असायची.

थंडी सरता सरता एका सकाळी खाला दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मी आत बोलावलं तर आल्या नाहीत. कपड्यांना काही लागलं असेल म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांच्या अकरा कोंबड्या मेल्या होत्या. तुरे निळे पडले, तोंडं सुजली, सकाळी खाणारी कोंबडी दुपारी पाय ताणून पडली. मेलेल्यांना हात न लावता त्यांनी वरून टोपली पालथी घालून ठेवली होती. "ही मानमोडी नोहे," त्या म्हणाल्या. "अन् गावात माह्याच घरी नाई. बाकीचे कापून खाऊन रायले, नाईतर बाजारात नेऊन रायले." मग बराच वेळ श्वास घेत राहिल्या. "याकूबच्या शेडातबी मरून रायल्या."

याकूबचा माल चार दिवसांनी उचलला जाणार होता. तेवढे चार दिवस तोंड बंद ठेवा, म्हणून तो आदल्या दिवशी त्यांच्या पाया पडला होता. हे त्यांनीच मला सांगितलं आणि त्या सरळ घरी गेल्या.

नमुने गेले, बर्ड फ्लूच निघाला. पांढरे पोशाख घातलेली पथकं आली, शेताच्या कडेला खड्डे खणले गेले, चुन्याची पोती उतरली. आजूबाजूच्या सगळ्याच कोंबड्या मारायच्या होत्या. लोकांनी त्या माळ्यावर, कणगीत, न्हाणीत लपवल्या. बायकांनी आम्हाला उंबरठ्याशीच अडवलं. तेव्हा खाला मास्क लावून, हातमोजे घालून आमच्या पुढं चालू लागल्या. पहिल्यांदा स्वतःच्या घरी नेलं. उरलेल्या कोंबड्या एकेक करून त्यांनीच धरून दिल्या. फक्त एवढं म्हणाल्या, "पायाले धरून उलट्या टांगू नका." त्यानंतर बाकीची दारं उघडली, पण शिव्यांसकट. शेवटी याकूबची शेड आली. शकिला दारात उभी होती. ती आईला म्हणाली, "आजपासून तू आमची कोनी नाई."

पथकातल्या सगळ्यांना आरोग्य खात्याच्या सिस्टरनं गोळ्या सुरू केल्या. ती रोज ताप मोजायची. घरोघर सांगून झालं होतं की ताप, खोकला, धाप, काहीही झालं तरी लगेच कळवायचं. तरी सहाव्या दिवशी रुखसारला ताप भरला, तेव्हा याकूबनं कळवलं नाही. पुन्हा सरकारी गाडी दाराशी आली तर गाव आपल्याला जगू देणार नाही, ही त्याची भीती. खालांना शेजारणीकडून कळलं. त्या सकाळीच मुलीच्या बंद दाराबाहेर जाऊन बसल्या. कोणी पाणी विचारलं नाही. आतून पोरीचा खोकला ऐकू येत होता. त्यांचा निरोप मिळून दुपारी सिस्टर आणि मी पोचलो, तेव्हा खाला दाराला तोंड लावून बोलत होत्या, "मले घरात घेऊ नको, शकिला. पोरीले तेवढी बाहेर दे."

थोड्या वेळानं कडी निघाली.

रुखसारला अकोल्याला नेऊन वेगळ्या खोलीत ठेवलं. शकिलाच्या अंगावर तान्हं मूल होतं, तिला आत सोडणं शक्य नव्हतं. खाला राहिल्या. दमेकरी बाईनं राहू नये, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. दुसरं कोणी नव्हतं. तपासणीत बर्ड फ्लू निघाला नाही. दर थंडीत येतो तो साधा फ्लू होता. औषध वेळेत मिळालं, आठवड्यात पोर उठून बसली. तोवर खालांना तोच ताप चढला होता. मास्क त्या सोडत नव्हत्या, पण धाप लागली की खाली ओढावाच लागायचा. पोरीला सोसला तो आजार त्यांच्या छातीला सोसला नाही. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

गावात आमच्या आधी बातमी पोचली, आणि ती बर्ड फ्लूचीच पोचली. कागद दाखवून मी सांगत होतो, पण कोणी ऐकत नव्हतं. मय्यतीला आम्ही नऊ जण होतो. कबरीत याकूब उतरला. त्या दोन आठवड्यांत तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

माती देऊन झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हात झटकत खाली बघून बोलला, "अम्मी चार दिवस थांबली असती, त माहे पक्षी अमरावतीच्या बाजारात गेले असते, डाक्टरसाब."

मग त्यानं हात पायजम्याला पुसले.

"मेलेल्याईच्या शेजारचे पक्षी होते," तो म्हणाला. "मले माहीत होतं. तरी मी धाडले असते."