सिंक बोलायचं, तेजराम गप्प

आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक यंदा उन्हाळ्यात बोलायला लागलं. पाणी सोडलं की क्षणभर शांतता, आणि मग एखाद्या म्हाताऱ्याने भर सभेत घसा खाकरावा तसं घळ्ळक् घुर्रर्र. उन्हाळा कसाबसा निभावला. पण वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या घरी रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणारा मी, ऐकणाऱ्या वस्तीतल्या दहा-बारा बाया. मी आवाज खोल करून तृष्णेबद्दल काही वाचायचो आणि नेमकं तेव्हाच आत कुणीतरी पेला विसळायचं. सिंक हुंकार द्यायचं. बाया पदर तोंडाला लावायच्या. त्यातली निम्मी दाद सिंकला असायची हे मला कळत होतं.

म्हणून तेजरामला बोलावलं. तेजराम राजेगावकडचा. घरी एकरभर धान, आणि धानावर घर चालत नाही म्हणून हातात पाना. आधी गावोगावचे हँडपंप दुरुस्त केले, मग वर्षातले आठ महिने नागपूरच्या इमारतींत नळ बसवले. बोलणं मोजकं. स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो डोळे मिटायचा. आमच्या डॉक्टरांनी कधी इतकं लक्षपूर्वक मला तपासलेलं नाही.

पहिल्या दिवशी त्याने असं ऐकलं, छतावर जाऊन आला आणि काही न बोलता सिंकखालची वाकडी नळी साफ केली.

"वर काय होतं?" मी विचारलं.

"काई नाइ सर. पाहून आलो."

आवाज तसाच राहिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने नळी बदलली आणि हळूच म्हणाला, "सर, पाण्याले वरून हवा कमी भेटून राह्यली."

यावर मी त्याला वीस मिनिटं गुरुत्वाकर्षण समजावलं. पाणी उताराने जातं, हवेने नाही, वगैरे. मी तीस वर्षं लालबर्ऱ्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्यात हवेच्या दाबावर एक अख्खा धडा होता, आणि तो मी दरवर्षी शिकवत असे, हे इथे नोंदवणं भाग आहे. तेजराम "हौ सर, हौ सर" म्हणत पाना पुसत राहिला. तिसऱ्या खेपेनंतरही सिंक बोलतच होतं.

मग मी एक काम केलं, जे मला फार सहज जमतं. मी मत दिलं. आमच्या विहाराला नवा हॉल बांधणं चाललं आहे. त्याच्या नळाचं सगळं काम तेजरामला द्यायचं समितीत जवळजवळ ठरलं होतं. ते मिळालं असतं तर तो या हिवाळ्यात नागपूरला न जाता घरीच राहिला असता. बैठकीत मी म्हणालो, "माणूस भला आहे, पण ज्ञान कच्चं आहे." समितीने गोंदियाच्या माणसाला निरोप धाडायचं ठरवलं.

दोन दिवसांनी तेजराम विसरलेला पाना न्यायला आला. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. आम्रपालीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्यापुढे चहा ठेवला.

"भाऊ, खरं सांग. हे काहून वाजते?"

"जाऊ द्या ना ताई."

"तुह्या हातचं काम गेलं, अन् जाऊ द्या?"

बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताई, तुमचा झेंडा हाय ना वर, तो हवेच्या नळीतच उभा हाय. टोपी काढून बांबू खोसला, बाजूनं चिंध्या अन् सिमेंट. पाण्यामागं हवा जाईन कोठून? ते सिंकातूनच ओढते."

"मंग सांगितलं काहून नाइ?"

"मी दुसऱ्या समाजाचा माणूस. तुमच्या झेंड्यानं गटार वाजते म्हणू का? सरांले का वाटलं असतं? वस्तीत का म्हणले असते?"

पेपर माझ्या हातात उलटा नव्हता, पण असता तरी मला कळलं नसतं.

चौदा एप्रिलला तो झेंडा मीच लावला होता. छतावर सरळ उभं भोक तेवढं एकच होतं, आणि वाऱ्याने बांबू हलू नये म्हणून सिमेंट मीच कालवलं होतं. त्या कारागिरीचं मी आठवडाभर कौतुकही करून घेतलं होतं. "प्रश्न विचारा, घाबरू नका" हे मी मुलांना तीस वर्षं सांगत आलो. आणि माझ्याच घरात एक माणूस घाबरून स्वतःचं काम गमावून बसला होता.

बाहेर जाऊन मी एवढंच म्हटलं, "चल वर."

झेंडा मी स्वतः उतरवून त्याची घडी केली. बांबू मात्र अर्धा तास निघेना. माझ्या हातून आयुष्यात झालेलं हे एकमेव टिकाऊ काम. शेवटी तेजरामने छिन्नीने सिमेंट फोडलं. खाली आम्रपालीने भरलेली बादली सिंकात ओतली आणि ओरडली, "गेलं! चूपचाप गेलं!" झेंड्यासाठी तेजरामने कठड्याला दोन पट्ट्या ठोकल्या. आता तो आधीपेक्षा ताठ आहे.

रविवारी वंदनेनंतर मी समितीपुढे सगळं सांगितलं. अध्यक्ष बाबूलाल उकव्याच्या खाणीत हवा-पाण्याचे पाइप सांभाळून निवृत्त झालेला माणूस. त्याला मुळीच नवल वाटलं नाही.

"मले दिसलतं सर. माहं आयुष्य पाइपातच गेलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं त तुमी मले गुरुत्वाकर्षण सांगितलं असतं."

सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.

"गोंदियावाल्याचं काय?" मी विचारलं.

"त्याचा काई जवाब नाइ आला अजून. बोलवा तेजरामले."

तेजराम आला, दारातच उभा राहिला. बाबूलालने त्याला आत बसवलं आणि हॉलचं काम त्याचंच असल्याचं सांगितलं. त्याने मान डोलावली. मग पहिल्यांदाच, न विचारता, आपणहून बोलला.

"एक अट हाय. काम चालू हाय तोपर्यंत सरांले छतावर चढू नोका देऊ."

ठराव लगेच लिहिला गेला. अनुमोदक म्हणून माझं नाव आहे.