हळदीनं हिरवं झालेलं काळीज

रहिमतपूरजवळच्या आमच्या वाडीतली शिवांजली सांगलीत संशोधन करती. काम उंदराच्या काळजाचं. निरुपद्रवी विषाणूवर एक बाहेरचा जनुक बसवायचा आन् काळजात सोडायचा. तो तिथं रुजला तर निळ्या उजेडाखाली मांस हिरवं चमकतं. न्हाई चमकलं, तर वर्षाची मेहनत मातीत.

मधी यशराजची, तिच्या चुलतभावाची, हळद झाली. साळूआत्यानं हिचे हात मनगटापतोर हळदीत बुडवले. सोमवारी ही पिवळ्या बोटांनीच कामाला बसली.

काळजाचे पापुद्र्यागत काप बारीक कुंचल्यानं काचेवर घ्यायचे असतात. कुंचल्याची केसं फिसकटली की ही चिमटीत धरून टोक काढायची. हातमोज्यात जमत न्हाई, म्हणून ते काढून.

सूक्ष्मदर्शकात बघितलं, तर लख्ख हिरवं. तिनं राजरत्न सरांना बोलावलं. सर तिचे मार्गदर्शक.

"जनुक न दिलेलं काळीज दाखव."

दाखवलं. तेबी हिरवंच.

"ह्याला कुणी दिला गं जनुक? शेजाऱ्यानं?"

मग तिनं रसायनं बदलली, दिवा बदलला, विषाणू परत तपासला. जेवण गोड लागंना. दोन्ही काळजं आपली चमकत्यात. शेवटी वैतागून काच सरकवली, तर कडंला, जिथं मांसाचा कणबी नव्हता, तिथं तिच्याच अंगठ्याचा ठसा. हिरवागार, रेघन् रेघ.

"सर, हळद हाय. निळ्या उजेडात तीबी हिरवी चमकती."

"कुठली?"

"आमच्या यशराजच्या लग्नातली. कुंचल्याला लागली."

सर डोळे मिटून बसले. "हळदीच्या सांगलीत राहून मला कळू नये. शिल्लक काय हाय?"

"दोन्हीतला एकेक तुकडा. फ्रीजरात."

नवा कुंचला, नवे हातमोजे. जनुक न दिलेलं काळीज काळं निघालं, तसंच पायजे. जनुक दिलेलंबी जवळजवळ काळंच. एका कोपऱ्यात दोन-चार ठिपके. जनुकाचे म्हणावं, तर मांसाला स्वतःची अंधुक चमक असतीच.

"ह्यावर काय लिहिता येत न्हाई," सर म्हणाले. "पयल्यापासनं."

तेवढ्यात आत्याचा फोन. "यशराजच्या धाकल्या भावाची सुपारी फुटली. हळदीला ये."

"आवं आत्या, तुमच्या हळदीनं माझं वरीस रंगवलं."

"मग चांगलंच की. असली हळद हाय आमची, उतरत न्हाई."

शिवांजलीनं फोन पालथा ठेवला आन् नव्या उंदरांची मागणी लिहायला घेतली. नखं अजून पिवळीच होती.