आठवीच्या वर्गातली खुर्ची
मुरमुऱ्यांच्या सुशीला या पदार्थाला फोडणी दिली, की त्या वासानं मला नांदेडचं ते शिक्षकांचं प्रशिक्षण आठवतं, कारण तिथे नाश्त्याला तेच होतं. भडकलेल्या मुलापुढे आवाज चढवू नका, अंतर ठेवा, त्याला बोलू द्या, असं तिथल्या बाई शिकवत होत्या. आमच्या शाळेचे खेळाचे सर माझ्या कानाशी कुजबुजले, "हे आपल्या मुदखेडात चालत न्हाई, मॅडम." पुढच्याच आठवड्यात आठवीच्या वर्गातून किंकाळ्या आल्या आणि आम्ही दोघं धावलो. एका मुलीनं लोखंडी खुर्ची डोक्यावर उचलली होती आणि समोर भिंतीला चिकटून तिची मैत्रीण रडत होती. सर ओरडणारच होते, पण दारात थबकले. मग हलक्या आवाजात त्यांनी बाकीच्यांना बाहेर बोलावलं आणि त्या मैत्रिणीला स्वतःच्या आडोशानं बाहेर नेलं. मी जरा लांब, बाकावर बसले. "लई राग आलाय ना?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "माय सोडून गेली म्हणून मला हसून राहिल्या त्या." मी म्हटलं, "मलाबी राग आला असता." खुर्ची हळूहळू खाली आली आणि तिच्यावरच बसून ती हुंदके देऊ लागली. सरांनी पाणी आणून दिलं आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली. ती मुलगी आता लातूरला नर्सिंग शिकते. परवा स्टेशनवर भेटली, तेव्हा तिनं आधी विचारलं, "सर बरे हायेत ना?"